फाटकाबाहेरची पाटी

पालघरच्या आमच्या होस्टेलला दर रविवारी एडवणची एक मावशी मासळी द्यायची. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. एसटीतून उतरून ती फाटकापाशी यायची, पाटी रस्त्यावरच ठेवायची आणि आचाऱ्याला हाक मारायची. भर उन्हातही ती आत सावलीला आली नाही. मासळीच्या वासामुळे संकोचत असेल, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

रॅगिंगविरोधी कायदा झाला आणि त्याची नोटीस आमच्या व्हरांड्यात लागली. आचाऱ्याने तिला सांगितलं असावं. त्या रविवारी ती पाटी घेऊन थेट आत आली. पदराला हात पुसून तिने नोटिशीच्या काचेवर बोट ठेवलं.

"पोरा, काय लिवलंय ते वाच."

मी वाचलं. त्रास देणाऱ्याला तुरुंग, दंड, कॉलेजातून नाव कमी. वरच्या मजल्यावर मुलं खिदळली, तशी तिने मान खांद्यांत ओढून घेतली.

"माजा पोर इतंच ऱ्हायला होता," ती म्हणाली. "म्हैन्यात घरी पळून आला. आता बोटीवर पन जात नाय. दाराकडं तोंड करून बसतो."

"मावशी, आता कुणाची हिंमत नाही व्हायची."

"चांगलं झालं." तिचं बोट काचेवरच होतं. "पन त्याला परत कसा पाठवायचा, ते लिवलंय काय यात?"

मी नोटीस पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

तिने पाटी उचलली, फाटकाबाहेर नेऊन ठेवली आणि तिथून आचाऱ्याला हाक मारली.