हौशीरामाच्या हाती चूल

वयाची बासष्ट वर्षं उलटली तरी आपल्या घरात मीठ कुठं असतं हे हौशीरामाला ठाऊक नव्हतं. तशी कधी वेळच आली नव्हती. डिंभ्याचं धरण भरलं तेव्हा त्याची खालची खाचरं पाण्यात गेली. वर उरलेल्या दोन तुकड्यांत भात आणि बाकीच्या दिवसांत धरणात जाळं, एवढ्यावर त्याचा संसार चालला. सकाळी जाळं काढून घरी यावं, हातपाय धुवावेत, तोवर लंकाबाईनं ताट वाढलेलं असायचं. तो जेवायचा आणि उठायचा. आज काय चांगलं झालं होतं, हेही त्यानं कधी सांगितलं नाही.

लंकाबाई वर डोंगरातल्या आहुप्याची. बोलायला कमी, पण घर ठेवावं तर तिनं. दोनच खोल्या, पण आत पाऊल टाकलं की माणसाला मोकळं वाटायचं. मांडणीवर ताटं उभी, वाट्या पालथ्या, तांबे एका रांगेत. प्रत्येक फळीला वर्तमानपत्राची कातरलेली झालर. खाली चौदा डबे. डब्यावर चित्र बिस्किटाचं आणि आत हुलगे, चित्र चहाचं आणि आत तीळ. कशात काय आहे ते तिला झाकण न उघडता कळायचं. शेजारची साळुबाई म्हणायची, "लंकाबाय, तुज्या घरात आंधळ्याला बी सापडंल." पण ते खरं नव्हतं. सापडायचं ते फक्त लंकाबाईला.

माघातल्या एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीतच राहिला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. हौशीराम दारात जाळ्याची गाठ मारत बसला होता. भाकरी करपल्याचा वास आला म्हणून त्यानं आत डोकावलं, तर ती भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या ओठातून पीठ कालवल्यासारखा आवाज येत होता.

जीप करून मंचरला नेलं. बावीस दिवस दवाखान्यात गेले. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जिभेवर एकच शब्द राहिला. तो म्हणजे "व्हय". डॉक्टरांनी समजावलं, "त्यांना सगळं कळतंय. पण सांगायला शब्द सापडत नाहीत." भूक लागली तरी ती व्हय म्हणे आणि नको असलं तरी व्हयच म्हणे. मान कधी होकाराची हले, कधी नकाराची, आणि ती हालचालही मनात असते तीच होते याचा भरवसा नव्हता.

मुलगी प्रतिभा वारूळवाडीला दिलेली. जावई ज्ञानेश्वर नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअप चालवतो. प्रतिभा आठ दिवस येऊन राहिली आणि जाताना म्हणाली, "दादा, आईला घेऊन तिकडंच चला. तुमाला न्हाई जमायचं हे." हे ऐकल्याबरोबर लंकाबाईनं डाव्या हातानं खाटेची पट्टी अशी धरली की दोघांना मिळून सोडवावी लागली. हौशीराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी बघतो."

बघतो म्हणाला खरा, पण बघायचं कुठं? पहिल्या दिवशी वरणासाठी मीठ हवं होतं. त्यानं एकेक डबा खाटेपाशी नेला, झाकण काढून तिच्यापुढे धरला. "ह्यात हाय का?" "व्हय." आत वरई निघाली. "मग ह्यात?" "व्हय." आत मेथ्या. चौदाही डबे फिरून झाले तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली होती. शेवटी फळीवरच्या एका पुडीत पांढरी पूड दिसली ती त्यानं वरणात टाकली. लंकाबाईनं पहिला घास तोंडात घेतला आणि तो ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून बाहेर आला. त्याला वाटलं, गिळता आलं नाही. त्यानं पुन्हा भरवलं, तो घासही बाहेर आला. मग त्यानं स्वतः चाखून पाहिलं. तो पापडखार होता.

साळुबाई भाकऱ्या घेऊन आली तेव्हा तिनं चुलीमागच्या कोनाड्यात हात घातला आणि मिठाची बरणी काढून दिली. "हितं ऊब ऱ्हाती, भावजी. मिठाला पाणी सुटत न्हाई."

त्या दिवसापासून त्याला बायकोचं घर थोडं थोडं कळायला लागलं. तांदळाच्या कणगीत कडुनिंबाचा पाला का, हुलग्यांना राख का चोळलेली, साखरेचा डबा पाण्याच्या थाळीत का ठेवलाय, सांडशी दाराच्या आड का टांगलीय, यातलं काही तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. आता एकेक कळत होतं, ते चूक झाल्यावर. थाळीतलं पाणी आटलं तेव्हा मुंग्या आल्या. पाला काढून टाकला तेव्हा तांदळात किडे झाले.

मग त्यानं आपल्या मतीनं एक सोय केली. रोजचे सात डबे खाटेसमोरच्या कमरेएवढ्या फळीवर आणून ठेवले आणि प्रत्येक झाकणावर आतलेच चार दाणे भिजवलेल्या कणकेनं चिकटवले. तूरडाळीवर तूरडाळ, जिऱ्यावर जिरं. त्याला उघडून बघायला नको आणि तिला खाटेवरून बोट दाखवता यावं. ही सोय बरी चालली. ती डावा हात उचले, बोट हवेत थरथरे, आणि कधी नेमक्या डब्यावर तर कधी त्याच्या शेजारच्या डब्यावर थांबे. जिथं थांबे तो डबा तो घेई. आठवड्याभरात मुंग्यांनी कणीक खाल्ली आणि दाणे गळून पडले. त्यानं पुन्हा चिकटवले.

पाडवा आला. लंकाबाई पाडव्याला मांडणी घासून नवी झालर लावायची. त्यानंही भांडी घासली, वर्तमानपत्रं घडी घालून कातरली आणि फळ्यांना लावली. दुपारी जेवण भरवताना तिचं लक्ष काही घासाकडे लागेना. ती मांडणीकडे बघे आणि "व्हय, व्हय" करे. त्याला वाटलं, आवडलं. पण संध्याकाळपर्यंत तिचा जीव घाबराघुबरा झाला. तिनं अंगावरची चादर ओढून टाकली, पाणी सांडलं. त्यानं पाय चोळले, वारा घातला, औषधाची वेळ पाहिली. कशानंच काही होईना. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी घेऊन प्रतिभा आली. दारातूनच म्हणाली, "दादा, झालर उलटी लावलीया. टोकं वर गेलीत." तिनं ती काढून सरळ लावली आणि लंकाबाई डोळे मिटून शांत झोपली. हौशीराम तिथंच उभा राहिला. कालचा आख्खा दिवस तिला एवढंच सांगायचं होतं.

चैत्र सरता सरता मसाल्याची बरणी रिकामी झाली. लंकाबाईचा मसाला गावात सगळ्यांना माहीत होता. मासवडीचा रस्सा असो की धरणातल्या मरळीचं कालवण, तिच्या घरचं खाल्लं की माणूस विचारायचाच. दरवर्षी याच दिवसांत ती वर्षभराचा मसाला करायची. शेवटचा चमचा कुठल्या भाजीत गेला हेही हौशीरामाला आठवेना. बहुतेक साध्या बटाट्यात गेला असावा. त्यानं साळुबाईला विचारलं. ती म्हणाली, "माजं प्रमान येगळं, भावजी. तिनं कदी कुनाला सांगितलंच न्हाई. इचारलं तर म्हनायची, हाताला कळतंय."

तो घोडेगावला गेला. मिरच्या, धने, खोबरं, तीळ, दगडफूल, लवंगा, सगळं घेतलं आणि परतीच्या एसटीची दोन तास वाट पाहत पिशव्या मांडीवर घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी खाटेशेजारी वर्तमानपत्रावर त्यानं सगळ्याचे ढीग मांडले. लंकाबाईला उशा लावून बसतं केलं आणि तिच्यापुढे रिकामं ताट ठेवलं.

"दाव मला," तो म्हणाला. "कशात किती घेतीस ते दाव. मी आपला बघतो."

तिला समजलं. तिचा चेहरा इतका जागा त्यानं दोन महिन्यांत पाहिला नव्हता. तिनं डाव्या हातानं धन्यांची मूठ भरून ताटात टाकली, मग दुसरी, मग तिसरी. थोडं थांबून अर्धी मूठ परत काढली. खोबऱ्याच्या दोन वाट्या उचलल्या. दगडफुलाच्या पाकळ्या बोटांत धरून तिनं नाकाशी नेल्या. हौशीराम मनात मोजत होता, विसरू नये म्हणून पुटपुटत होता. लवंगांपाशी मात्र घोटाळा झाला. चार टाकल्या, मग पुन्हा चार, मग ती थबकली, ताटाकडे बघत राहिली. सगळं आयुष्य उजव्या हातानं मोजलं होतं, आणि तो हात मांडीवर पडून होता. तिनं लवंगा परत उचलायला घेतल्या, त्या निसटल्या. मग तिचा हात ताटात गरगर फिरायला लागला. धने तिळात गेले, तीळ खाली सांडले, आणि ती "व्हय, व्हय, व्हय" म्हणत सुटली.

त्यानं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे आता. लई झालं." हात बराच वेळ त्याच्या मुठीत धडपडत होता.

ताटात जे उरलं त्याच्या अंदाजानं त्यानं मसाला भाजला. खोबरं जरा जास्तच काळं झालं. कांडपावरून कुटून आणला आणि मरळीचं कालवण केलं. काटा राहू नये म्हणून मासा बोटांनी चाचपून चाचपून कुस्करला. लंकाबाईनं एक घास घेतला, तोंड मिटलं, आणि त्याच्याकडे पाहिलं. मग आपण होऊन दुसऱ्या घासाला तोंड उघडलं. ती संपूर्ण वाटी जेवली. साळुबाईनं चव बघितली आणि चांगला झालाय म्हणाली. पण हौशीरामानं चाळीस वर्षं तो मसाला खाल्ला होता. हा तो नव्हता. आणि तो कसा होता हे सांगू शकणारी एकटी बाई समोर बसून, त्याला बरं वाटावं म्हणून जेवत होती.

तरी माणूस शिकतो. श्रावणापर्यंत त्याला नाचणीची भाकरी जमायला लागली. तवा किती तापला हे पाण्याच्या थेंबावरून कळायला लागलं. हुलग्यांचं माडगं, वरईचा भात, ताकातली भाजी, असं तिला गिळता येईल असं मऊ काही ना काही तो रोज करायचा. घर पुसलेलं असायचं, औषधं एका पत्र्याच्या पेटीत सकाळ-दुपार-संध्याकाळ अशी तीन खणांत लावलेली असायची. प्रतिभा आली की म्हणायची, "दादा, माज्यापरीस बरं ठिवलंय तुमी घर." त्याला ते ऐकून बरं वाटायचं.

नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी गुरगुट्या भात भरवताना लंकाबाईला ठसका लागला. ठसका थांबेना, ओठ निळे पडले. पुन्हा जीप, पुन्हा मंचर. भाताचं शीत छातीत गेलं होतं. सोळा दिवसांनी तिला परत आणलं ते नाकात नळी घालून. डॉक्टरांनी बजावलं, "तोंडाने आता काही द्यायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. गिळायची ताकद गेलीय. नळीतून पातळ द्या."

"किती दिस?" हौशीरामानं विचारलं.

डॉक्टरांनी औषधांचा कागद त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "बघू."

आता तो दर दोन तासांनी पेज करतो, वरणाचं पाणी काढतो आणि फडक्यानं दोनदा गाळतो, कारण एक कण राहिला तरी नळी बंद पडते. प्रतिभानं कॅलेंडरवर वेळा लिहून दिल्यात. पेज सिरिंजनं हळूहळू सोडायची, मग साधं पाणी सोडायचं. तिला चव लागत नाही. पेज कोणत्या तांदळाची आहे, वरणात जिरं आहे की नाही, कशानं काही फरक पडत नाही.

पण स्वतःला तर जेवावं लागतंच. सुरुवातीला तो ताट घेऊन पडवीत जाऊन बसायचा. फोडणीचा वास घरात राहू नये म्हणून दार ओढून घ्यायचा. मग आतून खाटेची पट्टी वाजायची. तिचा डावा हात. तो धावत आत जाई, तर ती त्याच्या ताटाकडे बोट दाखवी आणि आपल्या शेजारची जागा थोपटी. त्यानं प्रतिभाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "बसा ना तिच्याजवळ. तिला बरं वाटत असंल." साळुबाई म्हणाली, "नगा बसू, भावजी. उपाशी मानसापुडं ताट घिऊन कशाला बसायचं?"

तो बसतो. बसला नाही तर पट्टी वाजत राहते. तो घास तोंडात घालतो आणि ती त्याच्याकडे बघते. तो चावतो तेव्हा तिच्या गळ्याची घाटी वर-खाली होते, डोळ्यांच्या कडांना पाणी येतं, पण त्याच्या गुडघ्यावर ठेवलेला हात ती काढत नाही. हे सुख म्हणायचं की हाल, हे त्याला कळत नाही, आणि विचारून उपयोग नाही. भाकरीचा पुढचा तुकडा मोडावा की ताट घेऊन उठावं, हे न ठरवता आल्यानं तो तसाच बसून राहतो, आणि कालवण निवून जातं.