बोरगावकरांची रबरी कव्हरं

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूचे विलास बोरगावकर स्की करताना फारसे पडत नाहीत. ते पडतात पार्किंग लॉटमध्ये. स्की बूटचा तळ कडक प्लास्टिकचा, आणि बर्फावर तो कुणाचीच भीड ठेवत नाही. "बाबा, आता पडलात तर पुढच्या वर्षी घरीच," असं त्यांच्या लेकीनं, प्रीतानं, बजावलं तेव्हा त्यांनी तळावर चढवायची रबरी कव्हरं आणली.

त्या दिवशी पार्किंग लॉट त्यांनी नवरदेवाच्या चालीनं पार केला. स्की-लॉजच्या दाराशी मात्र ते थांबले, वाकून कव्हरं काढली, भिंतीशी जोडीनं नीट लावली आणि आतल्या ओल्या फरशीवर पाऊल ठेवताच आडवे झाले. पडल्यापडल्या त्यांनी आधी मान वळवून कव्हरं जागेवर आहेत ना, ते पाहिलं.

"बाबा, व्हाय वुड यू टेक देम ऑफ?" प्रीतानं विचारलं.

"मग काय, बाहेरची घाण आत आणू?"

प्रीतानं आशेनं आईकडे पाहिलं. मीनाक्षीताईंना यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. तोडगाही त्यांनीच काढला.

पुढच्या वर्षी बोरगावकर गेले ते कव्हरांच्या दोन जोड्या घेऊन: एक बाहेरची, एक घरातली.