फिरीबाईंना आवतण: व्हिसा, धबधबा आणि लिव्हिंगस्टनचं सोंग

पाऊस लागला की काशीदला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद, आमचा होमस्टे रिकामा. अशात झांबियाहून धाकट्या बहिणीचा, विद्याचा फोन आला.

"ताय, तू ये गो. भाच्याला आवर तुझ्या. त्याच्यापायी आमचा बाडबिस्तरा गुंडाळायची पाळी येनार हाय."

विद्याचा नवरा दिनेश लिव्हिंगस्टनमध्ये एका लॉजवर मुख्य आचारी आहे. व्हिक्टोरिया धबधब्याचं हे गाव. मुलगा निनाद तिथेच लहानाचा मोठा झाला, शिकला, आणि आता शनिवार-रविवारी स्टेजवर उभा राहून लोकांना हसवतो. विनोद कोणावर? मंत्र्यांवर, नगरसेवकांवर, नाक्यावरच्या पोलिसांवर. इथवर विद्याने निभावून नेलं होतं. पण त्यांच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण रखडलं होतं, आणि नवा परवाना येईपर्यंत दर महिन्याला ऑफिसात जाऊन तात्पुरता शिक्का घ्यावा लागत होता. तर या पठ्ठ्याने शिक्का मारणाऱ्या बाईचंच सोंग बसवलं! पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात ते करणार होता.

"जिच्या हातात आपली मान, तिचीच नक्कल?" विद्या फोनवर रडत होती. "उद्या तिनी शिक्का न्हाय मारला तर कुठं जाऊ आमी? तो तुजं ऐकतो. ये."

मी निघाले. धबधबाही बघून होईल असं मनात होतं, खोटं कशाला बोलू?

आता व्हिसाचं, कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी पोस्ट त्याचसाठी उघडली असणार. झांबिया आणि झिंबाब्वे या दोन्ही देशांत चालणारा एक सामायिक व्हिसा असतो, काझा म्हणतात त्याला. धबधबा दोन देशांच्या मधोमध असल्याने तोच घ्यावा. मला लुसाकाच्या विमानतळावर उतरल्यावर मिळाला, पण नियम सारखे बदलतात, तेव्हा निघायच्या आधी सरकारी वेबसाइट स्वतः उघडून बघा. पनवेलच्या एका एजंटाने मला "मावशी, आतली ओळख आहे" असं सांगितलं होतं. अशा माणसाला चहासुद्धा पाजू नका. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांवर हवी, पानं कोरी हवीत, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता कागदावर छापून न्या, कारण फोनची बॅटरी नेमकी खिडकीपाशी मान टाकते. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मी इथिओपियावरून गेले, परतताना लशीचं पिवळं कार्ड इथे मुंबईत विचारतात. ते पासपोर्टलाच रबर लावून ठेवा.

पावसात मांडव्याची लाँच बंद, म्हणून अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल असं रस्त्याने विमानतळ गाठलं. खरं सांगते, मुंबई ते अदिस अबाबाचा प्रवास वडखळच्या खड्ड्यांपेक्षा सुखाचा झाला.

लुसाकाहून लिव्हिंगस्टनला बसने पूर्ण दिवस जातो. सकाळची पहिली बस धरा आणि डावीकडची खिडकी घ्या, दुपारचं ऊन उजवीकडून येतं. रस्ता चांगला आहे. माझाबुकापाशी उसाची शेतं लागतात, मग लांबच लांब पिवळं गवत. जून-जुलै म्हणजे तिकडे हिवाळा, सकाळी स्वेटर लागतो. मी आपली काशीदच्या उकाड्याच्या हिशेबाने सुती साड्या भरल्या होत्या. शेजारच्या म्हातारबाबांनी न विचारता माझ्या पायावर आपला कोट टाकला. बस थांबली की खिडकीशी भाजलेली कणसं, उकडलेली अंडी, केळी येतात. पोट बिघडलं नाही.

लिव्हिंगस्टनच्या बाजारात विद्याने मला कापेंटा दाखवला. तळ्यात मिळणारी बोटाएवढी मासळी, उन्हात वाळवलेली. मी कोळ्याची पोर, मला कोण फसवणार? मूठभर घेऊन वास घेतला, एक मोडून बघितला. विकणारी बाई कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"वाळू आहे यात," मी माझ्या होमस्टेच्या इंग्रजीत म्हटलं.

ती म्हणाली, "वाळू मोफत आहे, मॅडम. सरकारसारखा मी तिच्यावर कर लावत नाही."

आजूबाजूच्या सगळ्या बाया खिदळल्या. तेव्हाच मला कळलं, निनादला ही सवय घरातून नाही, बाजारातून लागली. म्हणजे घरातूनही असेल म्हणा. आम्ही दोघी मुरुडजवळच्या आगरदांड्याच्या. तिथे शिमग्याला सोंगं निघायची, आणि लहानपणी सोंग काढण्यात विद्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. दिघीच्या फेरीबोटीवरच्या तिकीटमास्तरची तिने अशी नक्कल केली होती की मास्तर स्वतः हसून हसून खाली बसला. परदेशात गेली आणि ती विद्या कुठे गेली कोण जाणे. आता ऑफिसची पायरी चढायची म्हटलं की आदल्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

त्या संध्याकाळी कापेंट्याचं कालवण झालं. सोबत न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानेच खायची. जेवता जेवता मी निनादला म्हटलं, "दाखव बघू, काय आहे ते सोंग."

त्याने खुर्ची ओढली, चष्मा नाकावर उतरवला, न बघताच हात पुढे केला आणि ओठ दुमडून म्हणाला, "सिस्टिम चालू नाही. उद्या या."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. विद्या ताट घेऊन आत निघून गेली.

"मावशी, तू मला समजवायला आलीस ना?" निनादने विचारलं.

"आलेय तर खरी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी धबधबा. इथे भाड्याने रेनकोट मिळतो. मुरुडच्या आषाढात वाढलेल्या बाईला रेनकोट कशाला, असं म्हणून मी तशीच गेले आणि अंतर्वस्त्रांपर्यंत भिजले. तुम्ही घ्या मुकाट्याने. पाणी खाली पडतं आणि पाऊस होऊन वर येतो, आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पुलावरून चालत झिंबाब्वेच्या बाजूला गेले, तिकडून धबधब्याचा जास्त भाग दिसतो. पुलावर पोरं झिंबाब्वेच्या जुन्या, बाद झालेल्या नोटा विकतात, त्यावर शून्यंच शून्यं. एकजण म्हणाला, "घ्या मॅडम, अब्जाधीश व्हा. पाव मात्र मिळणार नाही." मी घेतली. आमच्या गल्ल्याशेजारी चिकटवली आहे.

आणि मग शुक्रवार, विद्याचा शिक्क्याचा दिवस. मी सोबत गेले, आणि जे केलं ते केवळ आमच्या कोळीवाड्यातलं माणूसच करू जाणे.

आमच्याकडे शिमग्याची एक रीत आहे. ज्याचं सोंग काढायचं, त्याला आधी घरी जाऊन आवतण द्यायचं. नारळाचं काहीतरी गोड हातावर ठेवायचं आणि सांगायचं, उद्या तुमचं सोंग आहे, पुढे येऊन बसा. पाठीमागे करतात ती चुगली, तोंडावर करतात ते सोंग. सरपंच असो की सावकार, आवतण घेतलं की त्याने रागवायचं नाही.

खिडकीत बाई बसल्या होत्या. धिप्पाड, डोक्यावर सुबक वेण्या, चष्मा नाकावर. नावाची पाटी होती, फिरी. विद्याने मान खाली घालून कागद सरकवले. बाईंनी न बघताच हात पुढे केला आणि ओठ दुमडून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टिम चालू नाही. उद्या या."

फस्सकन हसले मी! विद्याने दंडाला असा चिमटा काढला की डाग राहिला.

"हसण्यासारखं काय आहे?" फिरीबाईंनी विचारलं.

आता लपवाछपवी कशाला? मी पिशवीतून नारळाच्या वड्यांचा डबा काढून पुढे ठेवला. "मॅडम, उद्या माझ्या भाच्याचा कार्यक्रम आहे. त्यात तुमचं सोंग आहे. तुम्ही यायचं आणि पुढे बसायचं. आमच्या गावची रीत आहे."

फिरीबाईंनी डब्याकडे बघितलं, विद्याकडे बघितलं आणि पेनच्या टोकाने डबा माझ्याकडे ढकलला. "हे इथे चालत नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तिकीट मी माझं काढते. किती वाजता?"

बाहेर आल्यावर विद्या माझ्यावर तुटून पडली. "ताय, अक्कल गहान टाकलीस का गो? शिक्क्याच्या बाईला मिठाई? लाच वाटंल तिला! वर सांगतेस, तुमची नक्कल हाय!"

लाच! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आवरायला आले होते आणि सगळा सत्यानाश करून बसले होते. रस्त्यात विद्या माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली.

निनादने सगळं ऐकून घेतलं. "ती समोर बसणार? मग तो भाग मी काढून टाकतो, मावशी."

"टाक," विद्या आतून ओरडली.

"आवतण दिलंय," मी म्हटलं. "पुढ्यात बसवून सोंग नाही काढलं, तर तो तिचा अपमान."

कोणीच काही ठरवलं नाही. दिनेश ड्यूटीवर होता. मी येणार नाही, असं विद्या शनिवारी सकाळपासून म्हणत होती, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी चप्पल घालून दारात उभी राहिली.

हॉल म्हणजे एका खानावळीमागची शेड. वीज गेलेली, जनरेटर धडधडत होता. फिरीबाई दोन मैत्रिणींना घेऊन आल्या, हिरव्या छापाचा झगा, गळ्यात मणी, थेट पहिल्या रांगेत. विद्याने माझा हात घट्ट धरला.

निनादने विजेपासून सुरुवात केली. गावात वीज कधी येते? मंत्री भाषणाला आले की. माइक चालायला पाहिजे ना! म्हणून लोक टाळ्या वाजवून म्हणतात, साहेब, थांबू नका, बोला, अजून फोन अर्धाच चार्ज झालाय. शेड हसून डोलत होती. फिरीबाई मांडीवर थापा मारून हसत होत्या.

मग तो थांबला. आता त्या सोंगाची पाळी. त्याने फिरीबाईंकडे नाही, आईकडे बघितलं. मी विद्याकडे बघितलं तर तिने माझा हात सोडला.

"काढ," ती मराठीत म्हणाली, मोठ्याने.

निनादने चष्मा नाकावर उतरवला. एक माणूस मरून स्वर्गाच्या दारात जातो. तिथे खिडकी आहे. सिस्टिम चालू नाही, उद्या या. मॅडम, मी मेलोय. पुरावा? हा काय, मी इथे आहे! फोटोकॉपी? नाहीय. ठीक आहे, तुम्हाला एक महिन्याचं तात्पुरतं मरण देते, पुढच्या महिन्यात नूतनीकरणाला या.

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. फिरीबाई हसल्या नाहीत. मैत्रिणी तोंडावर रुमाल धरून त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, संपलं सगळं.

कार्यक्रम झाल्यावर त्या सरळ निनादपाशी आल्या. "सिस्टिम बंद पडते तेव्हा मी काय करते, माहीत आहे? संध्याकाळपर्यंत लोकांच्या शिव्या खाते. ते का नाही घातलंस?"

"घालतो, मॅडम," निनाद म्हणाला.

मग त्या विद्याकडे वळल्या. "तुझी फाइल माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. ती लुसाकाला आहे. मला फक्त शिक्का दिलाय, ठरवणारे तिकडे बसतात."

विद्याने मान वर केली. "मग इतक्या दिवसांत सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का? मान खाली घालून येतेस, थँक्यू म्हणतेस, जातेस."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला, कोणावर ते कळलं नाही. इतके महिने माझी बहीण उपाशीपोटी ज्या खिडकीशी उभी राहिली, त्या खिडकीच्या हातात काही नव्हतंच.

"बरं," फिरीबाई म्हणाल्या, "हे ऑफिस नाही. तो डबा कुठे आहे?"

मी घरी ठेवला होता. पण विद्याने गुपचूप पर्समधून काढला. फिरीबाईंनी दोन वड्या तिथेच खाल्ल्या, एक रुमालात बांधून घेतली. सोमवारी सिस्टिम चालू झाली तेव्हा विद्याचा शिक्काही लागला.

परत येऊन आता बरेच दिवस झाले. नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे, होड्यांना रंग लागतोय, आगाऊ बुकिंगचे फोन सुरू झालेत. लोक विचारतात, एवढा खर्च करून जाण्यासारखं आहे का? आहे. धबधबा बघा, रेनकोट घ्या, कापेंटा मोडून बघा, आणि कुठल्याही खिडकीशी मान वर करून उभे राहा. व्हिसाबद्दल माझ्याकडे याहून मोठा सल्ला नाही.

काल विद्याचा फोन आला. ती शिक्क्याला एकटीच गेली होती. जेवून गेली होती. आणि तिने विचारलं, मॅडम, माझी फाइल लुसाकात कोणाकडे आहे? फिरीबाईंनी कागदावर खात्याचं नाव लिहून दिलं. आता दिनेश आणि ती पुढच्या आठवड्यात बसने तिकडे जाणार आहेत.

"मग परवाना मिळंल ना गो?" मी विचारलं.

मग फोनमधून फिरीबाईंचा आवाज आला, तोच घोगरा, तसाच ओठ दुमडून काढलेला, आगरदांड्याच्या शिमग्यानंतर मी पहिल्यांदाच ऐकलेली माझी बहीण.

"सिस्टिम चालू नाही," विद्या म्हणाली. "उद्या या."