पालथा कॅल्क्युलेटर

आमचा शेजारी पूर्वी खाणीवर सर्व्हेला होता. नोकरी सुटली, पण तिथला जुना, बटणं झिजलेला कॅल्क्युलेटर त्याने सोडला नाही. त्यावर 'बरोबर'चं (=) बटणच नव्हतं, तो चालवायची रीतच वेगळी, म्हणून उसना कोणी मागत नसे. त्यात त्याने स्वतः प्रोग्राम भरला होता. दोर सोडून मोजलेली विहिरीची पातळी घातली, की पाणी किती दिवस पुरेल ते दिसे. डिचोलीकडची खाण जशी खोल जाई, तसं आमचं पाणी तिकडे ओढलं जाई. कोणी विचारलं तर तो तोंडाने सांगत नसे, आकडाच समोर धरी. "तूंच वाच."

माझ्या मुलीचं लग्न वैशाखात धरलं होतं. मी विचारलं, "तोवर पाणी पुरेल ना, भाऊ?"

त्याने बटणं दाबली, पाहिलं आणि कॅल्क्युलेटर मांडीवर पालथा ठेवला.

"लग्न शिगम्याआधी कर गे बाय," एवढंच म्हणाला.

आम्ही होळीच्या आधी, माघातच उरकलं. वैशाखात आमची कळशी तळाच्या दगडावर वाजली. आवाज ऐकून तो कठड्यापाशी आला, सवयीने दोर सोडला, वर ओढला. दोर कोरडा होता.

कॅल्क्युलेटर त्याने आणलाच नव्हता.