दोन उजव्या बाह्या

कोट शिवण्यात मास्तरांचा हात धरणारा शिंपी आसपास नव्हता, आणि चूक नाकारण्यातही नव्हता. कोट घट्ट झाला की गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असायचं, सैल झाला की गिऱ्हाईक वाळलेलं. मास्तरांची टेप चुकत नसे.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहून "चिडू नका" म्हटलं, तेव्हा मास्तर आधी डॉक्टरांवर चिडले आणि मग मन शांत करणारी पुस्तकं घेऊन आले. आता मशीनवर एक पुस्तक कायम उघडं, पान उडू नये म्हणून वर कात्री. राग सोडा, तुलना सोडा, हट्ट सोडा. मास्तरांनी सगळं सोडलं, फक्त बायकोला उपदेश करणं सुटलं नाही. काजं करता करता ती म्हणायची, "अहो, ते पुस्तक तुमच्यासाठी आणलंय की माझ्यासाठी?"

अशात थोरल्या मेहुण्यांचा कोट आला. त्यांची बायको वारली होती. कापड तिनंच हौसेनं, कोटापुरतं मापून घेतलेलं. पाठ आणि समोरचे भाग मास्तरांनी झकास कापले. बाह्यांच्या वेळी शेजारी एकाग्रतेचं प्रकरण उघडं होतं. ते इतकं सुंदर लिहिलेलं, की दुसऱ्या बाहीला कागदी नमुना उलटा करायचं राहूनच गेलं. दोन्ही बाह्या उजव्या निघाल्या.

सवयीचं वाक्य जिभेवर तयारच होतं: कापड कमी पडलं. मेहुण्यांना काय कळणार होतं? पण तसं म्हणायचं म्हणजे गेलेल्या वहिनींच्या माथी चूक मारायची. मास्तरांनी ते वाक्य गिळलं.

उपाय पुस्तकातच होता. चुकणारे तुम्ही एकटे नाही. आरशासमोर मोठ्यानं कबूल करा, मन मोकळं होईल. मास्तरांनी ट्रायलरूमचा पडदा ओढून घेतला. आरशातला म्हातारा गिऱ्हाइकाचं पोट सुटल्याचं सांगायला अजून एका पायावर तयार दिसत होता. मास्तरांनी घसा खाकरला.

"माझी चूक झाली. दोन्ही बाह्या मी उजव्या कापल्या."

"कुणाच्या?" पडद्याबाहेरून मेहुण्यांनी विचारलं.

ट्रायलरूमला मागचं दार नव्हतं. मास्तर बाहेर आले. बायकोची सुई थांबली होती.

"तुमच्या, दादा. वहिनींनी कापड बरोबर घेतलं होतं. मी वाया घालवलं."

मेहुण्यांनी दोन्ही बाह्या उचलल्या आणि त्यांवरून हात फिरवला.

"ती दरवर्षी म्हणायची, कोट शिवायला टाका. मी म्हणायचो, घाई काय आहे," ते म्हणाले. "लोकांना सांगतो, वेळच मिळाला नाही. वेळ होता, भाऊजी. मला कंटाळा होता. हे आजवर कुणाजवळ बोललो नाही."

मास्तरांचे डोळे भरून आले. बिनचूक माणसाचं सोंग आपण एकटेच वठवतोय, असं ते जन्मभर समजत होते. इतकं हलकं त्यांना कुठल्याच प्रकरणानं वाटलं नव्हतं.

"बाकीचं कापड ठीक आहे," ते म्हणाले. "बिनबाह्यांचं जाकीट छान होईल. उद्या बसतो शिवायला."

"उद्या नको," मेहुणे स्टूल ओढून बसत म्हणाले. "आत्ता शिवा. मी थांबतो."