चार नंबरच्या बाईचं नाव

चाकणला निघाले ती चक्क माझा प्रबंध वाचून दाखवायला! गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीची. घरचे पुरुष कारखान्यात लागल्यावर बायकांचा दिवस कसा बदलला, हा माझा एम.ए.चा विषय. आधीच्या खेपांना मी गावातल्या बायकांना शब्द दिला होता, की तुम्ही ‘हो’ म्हटल्याशिवाय हे विद्यापीठात जाणार नाही. आता प्रबंध द्यायची वेळ तोंडावर आली होती!

शिवाजीनगरहून एसटी पकडली. भोसरीपर्यंत कारखान्यांच्या भिंती, मोशीला इंद्रायणी ओलांडली की कांद्याचे वाफे. हल्ली त्याच रस्त्यावर तुम्ही तासभर ट्रकांच्या मागे अडकाल, तेव्हा पाणी सोबत ठेवा. चाकण स्टँडवर भजी खाल्ली आणि बैलगाडीच्या वाटेनं चालत गाव गाठलं.

ठकूबाईंच्या ओट्यावर दुपारी बायका जमल्या. या घरच्या यजमानीण, आवाज खणखणीत. मी घसा साफ करून सुरुवात केली, “निवेदक स्त्री क्रमांक चार हिच्या मते श्रमविभागणीचे स्वरूप...”

दोन पानांत तिघी पेंगल्या. ठकूबाईंनी हात वर केला.

“ही चार नंबर कोन गं?”

“तुम्हीच, काकू.”

“आगं बया! मी काय एसटी हाय व्हय नंबर लावायला?”

ओटा हसून हसून लोळला. मी मात्र रडायच्या बेतात होते.

“हे आमचं न्हाई,” ठकूबाई म्हणाल्या. “आमी आसं बोलतो व्हय?”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग मला एकदम आठवलं. माहिती घेताना नवऱ्याचं नाव विचारलं की या बायका शेजारणीला कोपरानं ढोसायच्या, आणि ती सांगायची. नाव स्वतः घ्यायचं तर उखाण्यातच. म्हटलं, मग उखाण्यातच सांगा, दिवस कसा जातो ते!

नवी सून कौसल्या आधी लाजली, मग सुटलीच:

“कंपनीची गाडी येते पहाटंच्या आत,
बबनरावांचं नाव घेते, डबा हाय हातात!”

ठकूबाई मागे राहतात होय?

“कांद्याच्या वाफ्याला पानी देते येकली,
दत्तोबांनी नांगर सोडून मशीन धरली!”

माझ्या दहा पानांचं सार दोन ओळींत! मी लिहीत सुटले. रात्री मासवड्या आणि झणझणीत रस्सा. चाकणकडे गेलात तर हा बेत चुकवू नका, फक्त दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नका.

सकाळी निघताना नवी पानं वाचली. सगळ्या खूश, पण ठकूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

“आता काय राहिलं, काकू?”

“समद्यांचे मालक आले. आमी कुटं हाय? लगीन झाल्यापास्नं मला कुनी ठकू म्हनलं न्हाई. घाल की माझं नाव.”

एकेक करून सगळ्यांनी आपापलं नाव सांगितलं. मग ठकूबाई म्हणाल्या, “आता व्हय.”

पुण्याला परतल्यावर मार्गदर्शक सरांनी कपाळावर आठ्या आणल्या. “प्रबंधात उखाणे? आणि खरी नावं?” मी म्हटलं, त्यांनीच मागितली आहेत. सरांनी कौसल्याचा उखाणा दोनदा मोठ्यानं वाचला, हसले आणि सही केली.

तो ओटा आता नाही, ठकूबाईंच्या कांद्याच्या शेतात गोदाम उभं आहे. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण प्रबंध दिल्यावर दोन वर्षांनी माझ्या लग्नात बायकांनी “नाव घे” म्हणून घेरलं, तेव्हा मी म्हटलं:

“चाकणच्या वाटेवर शिकले मी खरं,
ठकूबाईंचं नाव घेते, नवऱ्याचं नंतर!”

“ही ठकूबाई कोण?” सासरची मंडळी एकमेकांना विचारू लागली. मांडवात पहिल्याच रांगेत ठकूबाई बसल्या होत्या. पदर तोंडाला लावून आधी हसल्या, मग उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “ठकू म्हंजी मीच!”