स्टेशनसमोरची खाला

खाला कुणालाच नावानं हाक मारत नसे. हॉटेलात उतरलेल्या माणसाचं नाव म्हणजे त्याच्या खोलीचा नंबर. "सात नंबर गेला, त्याचा टॉवेल बघा." "चौदा नंबरला ताप हाय, चहा वर पाठवा." मी अकरा नंबर होते. एकदा मी तिला विचारलं, तर म्हणाली, "नाव इचारलं की माणूस ध्यानात राहतंय. इथं कोण राहायला आलंय? समदे गाडी धरायला आलेत."

हे हॉटेल औरंगाबादला, स्टेशनच्या अगदी समोर. खाला तिथं चादरी बदलायची. खाला म्हणजे मावशी, सगळे तिला तसंच म्हणायचे. ठेंगणी, हातात हिरव्या बांगड्या, ओढणी कमरेला खोचलेली. मी तिथं का गेले ते आधी सांगते.

आमचं गाव धारूरच्या डोंगराकडेचं. गावात आम्हा बायकांची दूध संस्था होती. त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. मग औरंगाबादच्या दूध संघाचं पत्र आलं की एवढ्याशा दुधासाठी गाडी पाठवणं जमणार नाही, पुढच्या महिन्यापासून शेजारच्या गावच्या डेअरीत दूध घाला. ती डेअरी आठ किलोमीटरवर आणि पुरुषांची. इतक्या लांब कॅन घेऊन बाई जाणार नाही, गडी जाणार, आणि मग दूध त्याच्याच नावावर लागणार. बाईचं दूध बाईच्या नावावर राहावं म्हणून तर आम्ही संस्था काढली होती.

कुणीतरी संघाच्या साहेबापुढं जाऊन हे सांगायला हवं होतं. चेअरमनबाईंचा पाय मोडलेला, बाकीच्यांच्या मागं घरदार. मी विधवा, लेक नांदायला गेलेली. "तुझ्यामागं कोण हाय? तूच जा," असं बायकांनी ठरवलं. चार माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे मला नाहीसुद्धा म्हणता आलं नाही.

चेअरमनबाईंच्या मालकांनी बजावलं होतं, "स्टेशनसमोरच्या हॉटेलातच उतरा. वाट चुकली तर कुणालाबी स्टेशन इचारायचं, झालं." हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, "एकट्याच? सोबत कोणी माणूस?" मी संस्थेच्या शिक्क्याचं पत्र पुढं केलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि किल्ली दिली.

त्याच दुपारी संघाच्या ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, "बोला बाई." मी त्यांच्या टेबलाच्या पायाकडं बघत उभी राहिले. त्यांनी खुर्चीकडं हात केला. तसे वाईट नव्हते. मग म्हणाले, "सोमवारी बैठक आहे, त्यात तुमच्या संस्थेचा निर्णय होईल. तेव्हा बोलणारं माणूस पाठवा." तो गुरुवार होता. असंच गावी गेले तर दुसरं कोणी येणार नाही हे मला माहीत होतं. मी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला चादर बदलायला आली आणि न्हाणीच्या दारातच थबकली. मी बादली काठोकाठ भरून ठेवली होती. तांब्या, पेला, अंघोळीचा मग, सगळं भरलं होतं. कचऱ्याचा प्लॅस्टिकचा डबा धुऊन तोही भरला होता. अंघोळीचं पाणीसुद्धा दुसऱ्या बादलीत धरून ठेवलेलं. आमच्याकडं टँकर आठ दिवसांनी यायचा. नळाला पाणी दिसल्यावर मी दुसरं काय करणार? खाला पोट धरून हसली.

"बीडकडची हायेस का गं तू?"

"व्हय. कसं ओळखलंत?"

"हितं कचऱ्याच्या डब्यात पाणी कोण भरतंय?" हसता हसता ती पलंगावर टेकली. मग म्हणाली, "मी बी तिकडचीच, नांदूरघाटची. बहात्तरला मालकासंगं खडी फोडायला निघाले, ते हितं आले. दुष्काळ सरला की जाऊ म्हणलं. दुष्काळ सरला, मालक सरला, चादरी ऱ्हायल्या."

मी कशाला आले ते मी तिला कसंबसं सांगितलं. तिनं मला हाताला धरून गच्चीवर नेलं. दोरीवर चाळीसेक चादरी वाळत होत्या. एका चादरीची दोन टोकं तिनं माझ्या हातात दिली. "घडी कर अन् बोल. मी साहेब हाय."

चादरीची घडी दोघींनी करायची तर खाली बघून चालत नाही. टोक ताणायला समोरचीकडं बघावं लागतं. मग दोघींनी चार पावलं पुढं यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागं सरायचं. मी मान खाली घातली की खाला चादरीला झटका द्यायची. "वर बघ गं! साहेब काय फरशीत पुरलाय?"

मी म्हणाले, "साहेब, नम्र विनंती आहे की..."

"विनंती मागून कर. आधी सांग, बंद काय होणार हाय?"

"गाडी."

"गाडी त्याची हाय, त्याला ठावं हाय. तुजं काय बंद होणार?"

मी पुढची चादर उचलली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रोज चाळीस चादरी. खाला कधी साहेब व्हायची, कधी साहेबाचा शिपाई. शिपाई होऊन मला बाहेर हाकलायची, आणि मी खरंच जायला निघाले की ओरडायची, "कावून चाललीस? मी हाकललं म्हणून?"

रविवारी ती सुट्टीवर होती. तो दिवस मला फार जड गेला. खिडकीतून स्टेशन दिसायचं. कुणी सोडायला आलेलं, कुणी घ्यायला. भोंग्यातून गाड्यांची नावं ऐकू यायची, लांबलांबच्या गावांची. एवढ्या माणसांत मला ओळखणारं एकही नव्हतं आणि गावातही माझी वाट बघणारं कोणी नव्हतं, वाट होती ती संघाच्या कागदाची. वाटलं, मी गेले काय, राहिले काय, कुणाच्या तोंडी माझं नाव येणार आहे? संस्थेच्या पुस्तकात तेवढं आहे, माझ्या म्हशीपुढं. तेही जाईल. आणि खालाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच, त्या खिडकीत सापडलं.

सोमवारी बैठकीत सगळे पुरुष होते. मी पदर दोन्ही हातांनी चादरीसारखा ताणून धरला. समोर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, गाडी बंद झाली म्हणून दूध बंद होणार न्हाई. म्हशी देतील तेवढं देतील. बायकांची नावं तेवढी बंद होतील." कोणीतरी मागं हसलं. मी तोंडातून निघेल ते बोलून गेले, "हसता कावून? ऐका की." मग कोणी हसलं नाही. पावसाळ्यापर्यंत गाडी रोज सकाळची एकच फेरी करील आणि संस्था चालू राहील, असं ठरलं.

मी जवळजवळ पळतच हॉटेलवर आले. खाला जिन्यात होती. ऐकून तिनं माझ्या गालावरून ओला हात फिरवला. "बरं झालं. मग उद्या बारा वाजायच्या आत खोली सोडावी लागंल तुला." एवढं बोलून ती वर गेली. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा ती कुठं दिसली नाही. मी थोडा वेळ थांबले, मग बस धरली.

गावात संस्थेच्या बैठकीत चेअरमनबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "गावात तर हूं की चूं न्हाई तुजं, मग तिथं कशी बोललीस गं?" सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईनं मला बोलायला शिकवलं, हे सांगायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "तुमीच शिकवलं की, बाई." टाळ्या वाजल्या. चेअरमनबाई खूश झाल्या. पुढं मला संस्थेची सचिव केलं, आता मी पुरुषांच्या बैठकीतही बोलते, पण ते वाक्य मला अजून मागं घेता आलेलं नाही.

दोन वर्षांनी प्रशिक्षणासाठी औरंगाबादला गेले, तेव्हा मुद्दाम स्टेशनसमोर गेले. हॉटेलला नवा रंग होता, काउंटरवर नवा माणूस. चादरी धुलाईला बाहेर जात होत्या. खाला नावाचं कोणी त्याला माहीत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. कचऱ्याचा डबा, गच्ची, साहेब, बायकांची नावं. गावात जे सांगितलं नव्हतं ते सगळं, मोठ्या आवाजात, एका दमात. बाकावर बसलेली माणसं वळून बघत होती. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं,

"बरं बाई, खोली पाहिजे का तुम्हाला?"